अण्णा, उठायचं नाही

आमच्या अण्णांना बसता येत नाही. गुडघे ठणठणीत आहेत, कंबर धडधाकट आहे, चौसष्टाव्या वर्षी निंदायला बसले तर मजूर बायकांच्या पुढे निघून जातात. फक्त जिथे चार माणसं जेवायला बसलेली असतात, तिथे त्यांना बसता येत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. निवृत्ती पुंजा, राहणार सायखेडा. चार एकर रान आहे, त्यातलं दोन एकर द्राक्ष. पण गोदाकाठच्या पंधरा-वीस गावांत त्यांना शेतकरी म्हणून कुणी ओळखत नाही, वाढपी म्हणून ओळखतात. लग्न असो, दहावा असो, सप्त्याचा काला असो, पंगत बसली की अण्णा उभे. पायजमा घोट्याच्या वर खोचलेला, डाव्या हातात बादली, उजव्या हातात ओगराळं. दोन रांगांमधून भराभरा चालत आमटी वाढायचे आणि कुणाच्या अंगावर एक थेंब नाही. हे सगळं फुकट, मानाचं म्हणून. आमंत्रण नसलं तरी जायचे, त्यावरून आईची आणि त्यांची भांडणं व्हायची.

त्यांचे नियम कडक. शेवटच्या पानावर भात पोचल्याशिवाय पहिल्या पानावरच्याने घास उचलायचा नाही. सरपंचाच्या पानावर दोन जिलब्या आणि गड्याच्या पानावर एक, असला पंक्तिप्रपंच दिसला की वाढणाऱ्याच्या हातातून परात काढून घेत. आणि सगळी माणसं उठली, आचारी जेवले, भांडी घासणाऱ्या बाया जेवल्या, की मग पातेल्याच्या तळाशी उरलं असेल ते घेऊन चुलवणापाशी उभ्यानेच चार घास. एक जरी माणूस जेवायचा राहिला असला तरी अण्णांच्या घशाखाली घास उतरत नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा ते मुंडावळ्या कानामागे टाकून वाढायला उठले होते. आई ही गोष्ट सगळ्यांना हसत सांगायची आणि शेवटी म्हणायची, "मी एकटीच जेवले. शेजारचा पाट रिकामा." ते वाक्य मात्र ती हसत म्हणायची नाही.

त्यांची एक विद्या मात्र मानली पाहिजे. त्यांना हात वाचता येतात. पानावर आडवा हात सगळेच धरतात, पण पानाकडे बघून धरला तर पोट भरलंय, आणि दुसरीकडे बघत धरला तर माणूस लाजतोय, असं त्यांचं शास्त्र. लहानपणी मी त्यांच्यामागून मिठाची वाटी घेऊन फिरायचे, तेव्हा त्यांनी मला हे शिकवलं होतं. पुढे मी शिकले, लग्न होऊन नाशिकला गेले, आणि हे असलं काही आपल्याला येतं याची मला लाज वाटायला लागली.

मग बुफे आला. दर दोन मैलांवर लॉन्स झाले, टोप्या घातलेली केटरिंगची पोरं आली. अण्णा लग्नाला जायचे आणि टेबलांच्या आसपास घुटमळायचे. "जेवले का? काय आणू?" असं विचारत फिरायचे. लोक म्हणायचे, "घेतो ना आम्ही, अण्णा. तुम्ही घ्या." त्यांना स्वतःच्या हातांचं काय करावं ते कळेनासं झालं होतं. आई गेल्यावर तर जास्तच. माझ्याकडे नाशिकला आले की मी, माझे मिस्टर अमोल आणि मुलगी आरोही जेवायला बसलो रे बसलो, की अण्णा मागे उभे. मी ओरडायचे, "अण्णा, बसा हो! डोक्यावर उभे राहिलात की घास उतरत नाही." ते बसायचे. आणि पाणी आणायला उठायचे.

आता मूळ मुद्दा. माझा धाकटा भाऊ दीपक तेहेतीस वर्षांचा झाला आणि लग्न जमेना. पोरगा चांगला, बीएस्सी ॲग्री, गावात ठिबकचं दुकान आहे. पण बायोडेटात 'सायखेडा' वाचलं की मुली व्हॉट्सॲपवर उत्तरच देत नाहीत. तेरा स्थळं गेली. त्यातलं तेरावं अण्णांनी घालवलं, असं माझं ठाम मत होतं. मुलीच्या घरी कांदेपोहे आले, तर या गृहस्थांनी उठून मुलीच्या हातातला ट्रे घेतला आणि तिच्याच घरच्यांना वाढायला सुरुवात केली. "लिंबू घ्या, लिंबू. ताई, तुम्हाला शेव कमी आलीय." दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन: मुलाचे वडील आचारी आहेत, हे आधी का नाही सांगितलं? दीपक हसला आणि दुकानात निघून गेला. त्या दिवसानंतर तो आरशात बघून केस विंचरेनासा झाला, हे मला बाईमाणूस नसलेल्या त्या घरात कोण सांगणार होतं? शेजारच्या बयाबाईने सांगितलं. मला रडू आलं होतं.

चौदावं स्थळ निकिताचं. नाशिकच्या द्वारका चौकात तिच्या वडिलांचं, मनोजरावांचं टायरचं दुकान, मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. मनोजराव फोनवर म्हणाले, "घरी बघण्याचा कार्यक्रम नको बुवा, मुलीला आवडत नाही. रविवारी दुपारी गंगापूर रोडला भेटू. स्टेक आणि ग्रिल मिळतं, मोकळं-ढाकळं ठिकाण आहे. जेवता जेवता बोलू." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. जेवता जेवता!

रविवारी सकाळी अण्णा आणि दीपक सायखेड्याहून आले. मी अण्णांना डायनिंग टेबलाशी बसवून काटा-सुरी कशी धरायची ते पोळीवर शिकवलं. ते मुकाट शिकले. मग म्हणाले, "उजे, सात माणसं म्हणजे वाढायला दोघं तरी..."

माझं टाळकं सरकलं. मी त्यांचा हात धरून दीपकच्या डोक्यावर ठेवला असता, पण तो गाडी पुसायला खाली गेला होता. म्हणून नुसतंच म्हटलं, "अण्णा, दीपकच्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. जेवण होईपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. कुणाला काही वाढायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. शपथेचं त्यांना भारी भय. ज्याची घातली त्याला ती लागते, असं ते खरंच मानतात. माझ्या लहानपणी आजीने घातलेली एक शपथ सुटली नव्हती म्हणून त्यांनी अकरा वर्षं गावातल्या एका घराची पायरी चढली नव्हती. हे माहीत असूनच मी घातली. ते म्हणाले, "पोराची कशाला घातली गं? माझी घालायची." मी म्हटलं, "तुमची तुम्ही मोडाल."

हॉटेल झकास होतं. विटांच्या उघड्या भिंती, लाकडी टेबलं, एका बाजूला काचेआड मोठा ग्रिल आणि त्यावर कोळशाची धग. नाव इंग्रजी होतं. अण्णा त्याला आजतागायत 'तव्यावाल्याचं' म्हणतात. मनोजराव आधीच आले होते. गोरेपान, भारी घड्याळ, मोकळं हसणं. त्यांच्या मिसेस मीनाताई, निकिता, आणि सोबत मनोजरावांच्या आई, वत्सलाबाई. सत्तर-पंच्याहत्तरच्या असतील. नऊवारी, पांढरे केस, हाताला किंचित कंप. मी अण्णांना भिंतीकडच्या खुर्चीत कोंबलं, एका बाजूला दीपक, दुसऱ्या बाजूला मी, म्हणजे उठायचं म्हटलं तरी आमच्यापैकी एकाला आधी उठावं लागेल. वत्सलाबाई त्यांच्या बरोबर समोर आल्या.

मनोजरावांनीच सगळ्यांसाठी मागवलं. "इथला चिकन स्टेक खाऊन बघा. सगळ्यांना तोच सांगतो." वत्सलाबाई काहीतरी म्हणाल्या, पण तेवढ्यात ते वेटरला मशरूमचा सॉस जास्त टाकायला सांगत होते.

आणि अण्णांचा छळ सुरू झाला. मी शेजारून बघत होते. टेबलाखाली त्यांचा गुडघा असा हलत होता की ग्लासातलं पाणी थरथरायचं. पहिली लोखंडी प्लेट चरचरत, धूर सोडत मनोजरावांच्या पुढे आली. बाकी सहा माणसं नुसती बघत. दुसरी चार मिनिटांनी दीपकला. मनोजरावांनी तोवर निम्मं संपवलं होतं. अण्णा एकदा त्यांच्या प्लेटकडे बघत, एकदा रिकाम्या टेबलाकडे, एकदा ग्रिलकडे. कागदी नॅपकिनची त्यांनी घडी घातली, मोडली, परत घातली. वेटरने मीनाताईंच्या पुढून हात घालून निकिताला प्लेट दिली तेव्हा ते अर्धे उचलले गेले, मी डोळे वटारले, आणि ते खाली बसले.

इकडे बोलणं मात्र छान चाललं होतं. दीपक दुकानाबद्दल, ठिबकच्या सबसिडीबद्दल बोलला. घाबरला नाही. निकिताने विचारलं, "मी लॅब सोडणार नाही. रोज सायखेड्याहून येणं-जाणं होईल का?" दीपक म्हणाला, "होईल. आणि नाही झालं तर नाशिकला राहू, मी जाईन-येईन. बाग काय, पहाटे लागते." ती हसली. मला वाटलं, देवा, एवढं तडीस जाऊ दे.

तेव्हाच माझं लक्ष वत्सलाबाईंकडे गेलं. म्हणजे अण्णांचं गेलं होतं, त्यांच्या नजरेमागून माझं गेलं. बाईंनी सुरी धरली होती, पण कापायला जोर कुठला! तुकडा प्लेटवर नुसता सरकत होता. एकदा काट्याने कोपरा तोडून तोंडात घातला, बराच वेळ घोळवला, आणि पदराआड कागदात काढून ठेवला. शेजारी गाजर आणि फरसबी, तीही करकरीत. नवी कवळी हिरड्यांना घासते तेव्हा माणूस जसा गाल आत ओढतो, तसा त्यांनी ओढला. मग काटा-सुरी नीट शेजारी-शेजारी ठेवली आणि भिंतीकडे बघायला लागल्या.

अण्णा माझ्याकडे वाकून पुटपुटले, "उजे, त्या बाईनं काय खाल्लं नाय."

"त्यांचं त्या बघतील," मी ओठ न हलवता म्हटलं.

"सुटली म्हण."

शपथ घालणाऱ्याने 'सुटली' म्हटलं की शपथ सुटते. लहान पोरांचा खेळ. पण अण्णा खेळत नव्हते. मी मान हलवली आणि मीनाताईंना विचारलं की तुम्ही साडी कुठून घेतली.

वेटर वत्सलाबाईंपाशी आला. "आजी, अजून काही?" बाईंनी प्लेटवर आडवा हात धरला. दुसरीकडे बघत धरला. मी ते बघितलं, मला ते वाचता आलं, आणि मी पाणी प्यायले. मनोजराव म्हणाले, "आई, संपवलं नाहीस?" त्या म्हणाल्या, "सकाळचंच जड झालंय रे." ते म्हणाले, "बरं," आणि दीपकला गाडीच्या टायरचं आयुष्य कसं वाढवायचं ते सांगू लागले.

"उजे. सुटली म्हण." या वेळी जरा मोठ्याने. निकिताने वळून बघितलं.

"अण्णा, सॉस हवाय का?" मी म्हटलं आणि टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

अण्णांनी पाय मागे घेतला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. त्यांच्या प्लेटमधलं चरचरणं केव्हाच थांबलं होतं, सॉसवर साय धरली होती, त्यांनी एका कणाला हात लावला नव्हता. वत्सलाबाई मधूनच त्यांच्याकडे बघत होत्या. टक लावून. मला वाटलं, व्याही पारखतायत. अण्णा मात्र त्यांच्याशी नजर मिळवत नव्हते. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली. माणूस किती दुष्ट होऊ शकतो, आणि तेही भावाच्या प्रेमापोटी, ते मला त्या टेबलावर कळलं. पण कळूनही मी तोंड उघडलं नाही.

जेवण झालं. मनोजराव अण्णांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्याबद्दल वेगळंच ऐकलं होतं हो. जेवताना एका जागी बसत नाहीत वगैरे. तुम्ही तर अगदी शांत माणूस!" आणि माझ्याकडे वळून हळूच, "आमच्याकडून होकारच समजा." दीपकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, तो वेड्यासारखा हसत होता.

उरलेलं वेटरने डब्यांत भरून दिलं. आम्ही बाहेर पार्किंगमध्ये आलो. वत्सलाबाईंना त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, दार अजून उघडं होतं. अण्णा नमस्कार करायला गेले. मी मागेच होते.

बाई म्हणाल्या, "निवृत्ती ना तू? सायखेड्याचा?"

"हो."

"मी चांदोरीची. माझं माहेर. माझ्या भाचीच्या लग्नात तू वाढायला होतास, मिसरूड फुटलं होतं तुला नुकतं. मी तवा नवीनच विधवा झालेली. मला मागं, पार शेवटच्या पंगतीला बसवली होती. बुंदी संपली म्हणले. तू कुठून तरी शोधून आणलीस अन् माझ्या पानावर दोनदा वाढलीस. सगळ्यांच्या देखत. 'मावशी, पोटभर जेवायचं,' म्हणलास. आत बसल्या बसल्या तुला वळखलं. म्हणलं, आता हा उठंल. लय वाट बघितली रे."

अण्णांची मान खाली गेली.

"असू दे," बाई म्हणाल्या. "आता तूबी बसाया शिकलास."

अण्णा वळले. त्यांनी मला काही विचारलं नाही. नुसते उभे राहिले, हात लोंबकळत, आणि त्यांच्या खालच्या ओठाला आईच्या दहाव्याला आला होता तसा कंप आला. मला माझी स्वतःची एवढी शिसारी कधीच आली नव्हती.

"सुटली," मी म्हटलं. परत म्हटलं. "अण्णा, सुटली. सुटली."

शब्द पुरा व्हायच्या आत ते काचेच्या दारातून आत गेले होते. वेटर "बाबा, तिकडे नाही, बाबा," म्हणत त्यांच्यामागे धावला. मीही धावले. ग्रिलपाशी पेठ तालुक्याकडचा एक आचारी होता, चंदर नावाचा. अण्णा त्याला एका दमात सांगत होते, "मऊ भात पाहिजे. नसंल तर असंल तो चेपून दे. बटाटा उकडलेला हाय का? लोणी हाय? कोंबडीचा तुकडा तव्यावर नको, रश्शात शिजव अन् धाग्यावाणी सोड. माणूस उपाशी चाललंय." चंदरने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता पातेलं चढवलं. दहा मिनिटं लागली. अण्णांनी हात धुऊन, बाह्या सारून, त्या खोलगट बाऊलमध्ये भात, बटाटा आणि तो कोंबडीचा रस्सा स्वतः कालवला. लोणी घातलं. चाखलं नाही. वाढपी चाखत नाही.

बाहेर मनोजराव तापले होते. "अहो, हे काय चाललंय? आई, तुला नको होतं ना? मग?" अण्णा त्यांच्या बाजूने निघून गेले आणि गाडीच्या दाराशी बाऊल धरून उभे राहिले. "मावशी, पोटभर जेवायचं." बाईंनी चमचा घेतला. हात थरथरला तसा अण्णांनी बाऊल चमच्याखाली नेला, पुढे मागे, त्यांच्या हाताबरोबर. एक थेंब सांडला नाही. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

"लोक बघतायत, आई," मनोजराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "म्हणजे आम्ही आईला उपाशी ठेवतो, असं दाखवायचंय का तुम्हाला? भर रस्त्यात?" दीपकचं हसू कधीच पुसलं गेलं होतं. पण तो अण्णांच्या शेजारी जाऊन पाण्याची बाटली धरून उभा राहिला.

वत्सलाबाई घास गिळून म्हणाल्या, "नाय रे मनोज, उपाशी नाय ठेवत. तुझं लक्ष नसतं, एवढंच." आणि परत जेवायला लागल्या. अण्णांनी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा त्यांनी बाऊलकडे बघत आडवा हात धरला, तेव्हा अण्णा मागे सरले.

"आता तू जेवलास का?" बाईंनी विचारलं.

"माझं काय, मावशी. मी शेवटी."

"शेवट झाला की. मी शेवटचीच होते." त्यांनी मागे वळून हाक मारली. "निकिता, याला वाढ गं."

निकिताने डबा उघडला, गाडीतला कागद घेतला, आणि झाडाभोवतीच्या कठड्यावर मांडला. "बसा, अण्णा," म्हणाली. अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. मग बसले. तिने ओणवं होऊन वाढलं, आधी फरसबी, मग चिकन हाताने तोडून. पाणी ठेवलं. संपत आलं तसं विचारलं, "अजून?" अण्णा पानाकडे न बघता हात आडवा धरायला लागले, आणि ती तरीही वाढून मोकळी झाली. मी त्यांचा गुडघा बघत होते. हलत नव्हता. मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं की या माणसाला बसवायचं तर आधी कुणीतरी वाढायला पाहिजे. मी इतकी वर्षं फक्त "बसा, बसा" म्हणत आले. मी गाडीच्या मागे जाऊन पोटभर रडले.

मनोजराव जाताना "फोन करतो," एवढंच म्हणाले. लग्नाच्या बोलण्यात 'फोन करतो' म्हणजे काय, ते तेरा स्थळांनंतर आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी भाजी जाळली, आरोहीला विनाकारण धपाटा घातला, रात्री-अपरात्री फोन उलटा-सुलटा करून बघितला. दीपकला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, गेलं तर जाऊ दे. अण्णांना काही बोलू नको." अण्णांना तर मी काय बोलणार होते?

शुक्रवारी दुपारी फोन आला. मनोजराव बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "उज्ज्वलाताई, आठवडाभर झोप नाही हो. आई रोज माझ्या शेजारी जेवायला बसते. नवी कवळी टोचते तिला, दीड महिना झाला. मला माहीतच नव्हतं. निकिताचा होकार आहे. आमचाही आहे. आई म्हणते, बुफे असेल तर मी येणार नाही. पंगत घाला."

मी तशीच स्कूटर काढली आणि सायखेड्याला गेले. अण्णा बागेत होते. सांगितलं. ते मटकन खाली बसले, डोळे पुसले, आणि पहिला प्रश्न विचारला, "पानं किती?"

"पानं कितीका असेनात," मी म्हटलं. "तुम्ही पहिल्या पंगतीला, दीपकच्या शेजारी. मी वाढणार तुम्हाला."

"अन् शेवटच्या पानापर्यंत कोण बघणार?"

"मीच बघणार. येतं मला. तुम्हीच शिकवलंय."

अण्णांनी हाताची माती झटकली. मग हळूच म्हणाले, "बसतो. पण उजे, शपथ तेवढी घालू नको."

मी नाही घातली.